भगवानचं झबलं

कृष्णाबाई : ओरडू नको, सत्ये. कुडापल्याड ऐकू जातं.

सत्यवती : जाऊ दे! आजी, तू हौसाकाकीच्या बाळाला आपल्या छोट्या भगवानचं झबलं दिलंस? त्याच्या अंगावरचं?

कृष्णाबाई : काल काढलेलं व्हतं. बारशाला गुटगुटीत पोराचं जुनं झबलं घालतात, म्हून मागाय आली. नाय म्हटलं असतं, तर भगवान कुटं हाय म्हून इचारलं असतं तिनं.

सत्यवती : मग काय सांगितलंस?

कृष्णाबाई : मामाकडं गेलाय, करंज्याला.

सत्यवती : वा गं वा! मामाकडे! तो आत फणफणतोय, तळपायावरसुद्धा फोड आलेत त्याच्या. झबलं धुतलंस तरी का?

कृष्णाबाई : घरात देवी आल्यावर कापडं धुतात? हेच शिकवतात तुज्या शाळंत?

सत्यवती : शाळेत शिकवतात, की फोडांचा पू नि खपल्या कपड्याला लागतात, त्यातून रोग दुसऱ्याला होतो. मला टोचलंय म्हणून मी भगवानजवळ बसते. ते बाळ बारा दिवसांचं आहे गं! मी देवी-डॉक्टरला बोलावते. आज बाजारातच टोचतोय तो.

कृष्णाबाई : बोलाव की. गावभर व्हईल. परवा तुज्या बहिणीचं वऱ्हाड येशीवरनंच माघारी जाईल.

सत्यवती : आणि बाळ मेलं तर?

कृष्णाबाई : हौसीला दुसरं व्हईल. गोदूचं लगीन येकदाच.

सत्यवती : आजी!... सरक. मी झबलं काढून आणते.

कृष्णाबाई : कशाला धावतेस? तीच आली बग.

हौसा : (दारातून, बाळाला छातीशी धरून) आत्या, बगा, जरा ढगळ हाय, पर कसं शोभतंय!

सत्यवती : काकी, काढ ते! आत्ता काढ! भगवान मामाकडे नाही गेला, आतच आहे. त्याला देवी आल्यात, आणि हे त्याच्या अंगावर होतं!

हौसा : देवी? खरं का वो, आत्या?

कृष्णाबाई : ...खरं. परसाद म्हून दिलं तुला. सगळ्यांना नाय देत मी.

सत्यवती : खोटं! काकी, देवी म्हणजे ती देवी नव्हे, रोग आहे! आज टोचून घेतलंस तर बाळ—

हौसा : गप ए! आई घरात बसलीय नि तिला रोग म्हनतेस? आत्या, हिचं आईनं मनावर नको घ्याया.

कृष्णाबाई : पोर हाय. गोदूचं लगीन होईस्तवर कुटं बोलू नको, बाय.

हौसा : नाय वो. थांबा, माज्या चौघी पोरींना आनते. त्यांनाबी आईच्या पायावर घालते.