आठ फूट मागं

—नाही, खांबाच्या जागेची खुंटी मी हलवली नाही! किती वेळा सांगू, लेफ्टनंटसाहेब? तुमच्या त्या इंजिनिअर प्रेंटिसनं दाखवली तिथंच ठोकली. पुलाचा खांब तिथंच उभा राहिला आणि तिथंच आडवा झाला — लिहा! बावीस वर्षं खुंट्या ठोकतोय मी, आधी कालव्यावर, आता या रेल्वेवर. कालवा खणला तेव्हा शाळेतला एक तरी इंजिनिअर होता का? कुठला! आम्हीच चुकलो, आम्हीच शिकलो. आता लष्करी शाळेतनं येता तुम्ही — कोटाला पितळी बटणं, काखेत पूल बांधायचं फ्रेंच पुस्तक — आणि बर्फ फुटल्यावर मोहॉक नदी कुठवर चढते ते पुस्तकात बघता! नदीला फ्रेंच येतं का हो? नाही, या वेळी मी हातसुद्धा लावला नाही.

काय? 'या वेळी' म्हणजे काय? म्हणजे — बरं, ऐका मग! नदीच्या वरच्या अंगाचा पूल चार वर्षं उभाय ना? त्याच्या खुंट्या हलवल्या मी. प्रेंटिस जेवायला गेला तेवढ्यात, आठ फूट मागं, खडकावर. त्याला पत्ता नाही! दुर्बिणीतनं रेघ सरळ दिसली की झालं त्याचं. बढती मिळाली त्याला. त्या पुलाचा नकाशा शाळेत लावलाय म्हणे, पोरांनी बघून शिकावं म्हणून — शिका! आणि मी या खालच्या जागी एकदा, एकदाच तोंड उघडलं, की साहेब, इथं वाळू आहे. तर सगळ्या गड्यांसमोर म्हणतो, "टटल, तू खुंट्या ठोक. विचार करायला शाळा आहे." सगळे हसले. अ‍ॅबनर फिचसुद्धा हसला — माझ्या बहिणीचा नवरा!

मग ठोकली. सांगितली तिथं. पहार घालून बघितली होती मी, कमरेइतकी आत गेली — तरी ठोकली. म्हटलं, पडू दे, कापलं जाऊ दे त्याचं नाक. रिकामा असताना पडेल असं वाटलं होतं हो! रविवारी, माणसं चर्चमध्ये असताना. बुधवारी पडला. अ‍ॅबनर वर दगड बसवत होता.

बहीण विचारते, "हॉझिया, तुला तर नदी पाठ आहे, तुला कसं कळलं नाही?" काय सांगू तिला? सांगा ना, शिकलेले आहात!

लिहायचं का थांबलात? लिहा — चूक प्रेंटिसची. त्याचीच होती! होती ना? ...उठा. निघा इथनं.