आबांची माशांची पेटी

मासे पाळायचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर असताना वडिलांचे पाय गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. खाटेवर त्यांचा जीव रमावा म्हणून थोरल्या भावानं एका बंगल्यातली जुनी, गळकी काचेची पेटी मागून आणली. आम्ही ती राखेनं घासली, सांधे डांबरानं बुजवले, इंद्रायणीतले मासे आणून सोडले.

आबा पडल्या पडल्या तिकडंच बघायचे. एक दिवस म्हणाले, "नदीत सोडा रं त्यास्नी. सारखं काचंला तोंड लावून माघारी फिरत्यात. अडकून पडाया मी एकला बास हाय."

आम्ही सोडून आलो.

"एकानं तरी वळून बघितलं का रं?"

"न्हाई, आबा."

"बरं झालं," म्हणाले, आणि रिकाम्या पेटीकडं बघत राहिले.