खऱ्या दोन ओळी

हॅलो? … हॅलो, कोण? … भागी? काई नाई भाऊ, बहिणीचा फोन आहे. … अवं, मोठ्यानं नको बोलू, मी सभागृहात बसलो आहे. … हाव, अमरावतीत. सकाळच्या एस्टीनं आलो अकोल्याहून. … नाई, अजून नाई झालं. आपल्या दीक्षाचा नंबर तिसरा. … तुझा गुडघा कसा आहे? … मंग! म्हणूनच म्हटलं, चांदूर बाजारातच राय. त्या टाक्यांच्या पायानं आली असती, तं नातीनं इथंच भरती करून घेतलं असतं.

आयक, नीट आयक. हे इमर्जन्सीचं आहे. कोणाले साप चावला, कोणाचा ट्रक उलटला, कोणाच्या छातीत कळ आली, तं दवाखान्याच्या दारात पहिला हात ज्याचा लागते, तो डॉक्टर. … अवं, डॉक्टर तं ती झालीच आहे! हे त्याच्यावरचं शिक्षण. फेलोशिप. … फे-लो-शिप. साऱ्या विदर्भातून अर्ज आले अन् घेतले किती? चार! एका हाताची बोटं मोजली तं एक उरते.

अन् इथली रीत लय मजेची. नव्या डॉक्टरची ओळख दवाखाना करून देत नाई. घरच्यानं दोन ओळी लिहून द्याच्या, सत्यभामा मॅडम, त्या इथल्या मोठ्या डॉक्टर, त्या माईकवर वाचतात. मंग ज्यानं लिहिलं त्याले वर बोलावतात, अन् त्याच्या हातून पोट्टीले नवा कोट घालतात. … मंग कोण लिहीन? मीच लिहिलं! … काहून हसून राहिली? … दोनच लिहिल्या ना, बाई. … बरं, तीन पानं. पण ओळी दोनच. लांब होत्या.

… हाव, माहीत आहे. पोट्टीनं परवाच बजावलं होतं मले. म्हणे, “आबा, दोन ओळी. खऱ्या. एक जरी खोटी निघाली तं कोट आईच्या हातून घालीन, तुमी खालीच बसा.” … हाव, शपथ घेतली होती. गळ्याले हात लावून.

… काय लिहिलं म्हणजे? आपल्या बसचंच. अचलपूर-अमरावती गाडी, मी कंडक्टर, तू अन् पोट्टी मागच्या सीटवर. तुझ्या घशात बोराची आठोळी अडकली. नऊ वर्षाच्या दीक्षानं पाठीत असा फटका मारला, की आठोळी खिडकीबाहेर! … हाव, आठ दिवस पाठ धरून बसली होती तू. पाची बोटं उमटली होती. … माहीत आहे मले.

… बाकी? बाकी थोडंसं… अवं, नुसती आठोळी कोण आयकते? म्हणून म्या आपल्या देवमन ड्रायव्हरले जराशी चक्कर आणली. … मारला नाई! चक्कर! मंग गाडी पुलाच्या कठड्याले टेकवली. पुढचं एक चाक हवेत. … पूर नाई आणला. आणाचा होता, पान संपलं. … एक बकरी आहे. तिलेभी पोट्टीनंच वाचवलं.

… रागावू नको ना. लिफाफा दिला अन् मले घाम फुटला. वापस मागाले गेलो, तं शिपाई म्हणे, मॅडम मंचावर गेल्या. आता बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस मंचावर चढून काय लिफाफा हिसकीन?

थांब, थांब… सुरू झालं. … पहिला गजेंद्र, अचलपूरचा. बापानं लिहिलं, “पोरगं शांत आहे, रक्ताले भेत नाई.” … संपलं! एवढंच! … टाळ्या. बापानं कोट घातला. … आता प्राजक्ता. आपल्या जठारपेठेतली, त्या नितेश चष्मेवाल्याची पोरगी. … हाव, तेच, कोपऱ्यावरचे. माय म्हणते, हिनं लहानपणी भावाचा मोडलेला हात फुटपट्टीले बांधला होता. … पाय, किती खरं, अन् किती छोटं!

भागी… दीक्षाचं नाव घेतलं. … मॅडम वाचून राहिल्या. … आठोळी झाली. … देवमन पडला. … पूल आला, लोक हसून राहिले. … पोट्टी खाली मान घालून उभी आहे. मेलो मी. … बकरी. … भागी, बकरीले टाळ्या पडून राहिल्या! … काय खुश होऊ? माया उठली ना. … अवं, दीक्षाची माय, आपली सून! पदर सावरून राहिली. कोट तिच्याच हातून घालतात वाटते.

थांब. पोट्टीनं माईक घेतला. … म्हणते, “आबांनी लिहिलेलं सारं खोटं आहे.” … गेलं, बाई. सारं गेलं. … गप, आयकू दे. … म्हणते, गाडी सुरळीत होती, ड्रायव्हर ठणठणीत होता, बकरी नव्हतीच. … म्हणते…

…

काई नाई. … काई नाई म्हणतो ना. … रडून नाई राहिलो, इथला पंखा जोरात आहे. … सांगतो. म्हणते, “फटका मी मारलाच नाई. मी सीटखाली कानात बोटं घालून रडत होती. फटका मारला तो माझ्या आबांनी. शेषराव कंडक्टरनं.”

… हाव. … हाव, भागी, म्या मारला. … नाई सांगितलं एकोणीस वर्षं, मंग? अन् तुले समजू नये? नऊ वर्षाच्या पोट्टीचा पंजा एवढा असते का? … आता काय भांडते, वळ गेले कवाचेच!

काहून म्हणजे? घरी आल्यावर ती जेवेच ना. म्हणे, “आबा, आत्याआजी मरत होती अन् मी लपली.” म्हणून म्या म्हटलं, अवं वेडे, फटका तं तूच मारला, घाबरल्यानं याद नाई तुले. … एकदाच म्हटलं होतं. मंग शेजारी सांगितलं. मंग डेपोत. दर खेपेले गोष्ट जराशी वाढत गेली. मले वाटे, पोट्टीनं मानलं. … आता काय म्हणते आयक. म्हणते, “मले तवाच माहीत होतं. पण आबांनी इतक्या लोकांले सांगून ठेवलं, की मले एक दिवस ते खरं करून दाखवणंच भाग होतं. म्हणून इमर्जन्सी घेतली.”

भागी? … तूभी रडून राहिली? … बाई, लोक उभे झाले! सारं सभागृह उभं आहे! … मॅडम चष्मा पुसून राहिल्या. … काय? … मले? … भागी, मलेच बोलावते! शपथ मोडली तरी मलेच! चप्पल कुठं गेली… असू दे. फोन ठेवू नको, खिशात टाकतो. … जयभीम, जयभीम. जरा पाय घ्या, भाऊ. माझीच नात आहे.

… नमस्कार, मॅडम. … कोट आण, बेटा. ही बाही… नाई, ती. … थांब, कॉलर सरळ करू दे. … काय म्हणता, मॅडम? मीभी दोन ओळी बोलू? … खऱ्याच?

लोकहो, नातीनं अर्धंच सांगितलं. मी पुढं तिकिटं फाडून राहिलो होतो, मागं काय चालू आहे मले पत्ता नव्हता, सीटखाली शिराच्या आधी ती “आबा!” म्हणून अशी ओरडली, की सारी गाडी थांबली. हाक तिची होती, माझा नुसता हात.

झाल्या दोन ओळी.

… हॅलो? भागी, आहे का? … आयकलं? … नाई, हे खरं आहे. … तुझी शपथ! … आता कोणाची घेऊ मंग? … हाव, हाव, देतो तिच्याजवळ फोन, फोटो काढून राहिले तिचा. कोट काय दिसून राहिला, बाई! जसा मापानं अंगावरच शिवला. … बरं, ठेव आता. … अवं ठेव ना! त्या मॅडम विचारून राहिल्या, बकरी कोणाची होती म्हणून. चार लोक खुर्च्या ओढून बसले भी.