धाकट्याची फ्रेम

माझ्या सायकलीची ट्यूब बदलून होईतो मी दुकानातल्या बाकावर बसले होते. समोर एक चाळिशीचा बाप्या डोंगरात चालवायच्या सायकलीची फ्रेम निवडत होता. कानाला काही झाकण नसतं.

“मिस्त्री, मागच्या चाकालाही सस्पेन्शन हवं. आमच्या धाकट्यानं नेली तशी.”

“त्यात दोन प्रकार आहेत, दादा. ही एका सांध्याची, साधी. चढावर पायडल मारलं की मागून दबते आणि निम्मा जोर तिथंच जिरतो. ही चार सांध्यांची, ती कमी दबते.”

“म्हणजे त्याची चार सांध्यांची. तरीच दर रविवारी मला मागं टाकतो आणि वर बसून पाणी पीत वाट बघतो. वर आमची ही म्हणते, भावजींकडून शिका काहीतरी.”

“नाही दादा, त्यांची एका सांध्याचीच आहे.”

“नीट आठवा.”

“मीच जोडून दिली.”

“बरं. मला चार सांध्यांची बांधा.”

“बांधतो.”

“आणि तो विचारायला आला, तर साधीच नेली म्हणून सांगा.”

“अहो, पण सांधे दिसतील की त्यांना.”

“कसे दिसतील? मी पुढं असेन ना, लांब.”