जुनी गाडी कुठे जाते

मुनिसा : पण नेमकं कशामुळे, बाबा? मला एकच कारण सांगा. तुम्ही गॅसची गाडी सोडून विजेची का घेतलीत?

होलमत : तू रोज डोकं खात होतीस म्हणून.

मुनिसा : ते माझ्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये घालता येत नाही.

होलमत : मग शेजारच्या तुर्गुननं घेतली म्हणून. तो रात्री घरीच गाडी चार्जिंगला लावायचा आणि सकाळी माझ्यासमोरून निघून जायचा. मी मात्र पहाटेपासून गॅस पंपावर काकडत उभा. टॅक्सीवाल्याचा अर्धा दिवस रांगेतच जायचा. माणसाला दुसऱ्याचं सुख बघवत नाही, कीझिम, माझ्या पोरी. हे घाल तुझ्या गणितात.

मुनिसा : ते घातलंय. गल्लीत दहातल्या दोघांनी घेतली की तिसरा वर्षभरात घेतो. हे बघा ना, ही निळी रेघ विजेच्या गाड्यांची, वर चाललीय. ही पिवळी गॅसवाल्यांची, खाली येतेय. दहा-बारा वर्षांत ताश्कंदमध्ये गॅसची गाडी शोधावी लागेल. उद्या संस्थेत हेच मांडायचंय मला.

होलमत : आणि ही कोपऱ्यातली चौकट कसली?

मुनिसा : बाद झालेल्या गाड्या. माणूस नवी घेतो, त्याची जुनी इथे येते.

होलमत : बाद म्हणजे?

मुनिसा : भंगारात.

होलमत : पंचवीस वर्षं टॅक्सी चालवली मी. या शहरातली धड चालणारी एक गाडी भंगारात गेलेली पाहिली नाही. खाली दक्षिणेला कार्शीला जाते, तेर्मिझला जाते, तिथून पुढे कुठल्या तरी खेड्यात जाते. माझीच बघ की. कार्शीत तुझ्या धाकट्या बहिणीच्या, शोहिस्ताच्या दारात उभी आहे.

मुनिसा : हे सुटलंच माझ्याकडून. म्हणजे गाड्या कमी होतच नाहीत, नुसत्या तिकडे सरकतात. आणि गाडीबरोबर टाकीही. पंधरा-वीस वर्षांच्या गॅसच्या टाक्या आपण इथून तिकडे ढकलतोय. बाबा, हे भयंकर आहे. आपल्या गाडीचं एक बरं, तिच्या टाकीची तपासणी झालेली आहे. तो कागद मीच शोहिस्ताला दिला. शिक्का होता त्यावर.

होलमत : चहा गार होतोय तुझा.

मुनिसा : बाबा, तपासणी झाली होती ना?

होलमत : शिक्का मारला होता.

मुनिसा : म्हणजे?

होलमत : टाकी गाडीतून काढायची, पाणी भरून दाब देऊन बघायची, परत बसवायची. चार दिवस जातात त्यात. चार दिवस धंदा बंद. तिथला माणूस म्हणाला, टाकी राहू दे, कागद घेऊन जा. सगळेच नेत होते. मीही नेला.

मुनिसा : टाकीत काही दोष होता?

होलमत : तसा काही नाही.

मुनिसा : बाबा.

होलमत : खालच्या बाजूला गंज होता. जिथं पट्टा आवळतात ना, तिथं. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. मी वरून रंग मारला.

मुनिसा : आणि ती गाडी शोहिस्ताला दिलीत.

होलमत : एल्योरनं तोंड उघडून मागितली. जावयाला काय सांगणार होतो, सासऱ्यानं खोटा कागद केलाय म्हणून? आणि इतके दिवस काही झालं नव्हतं. तूही मागे लागली होतीस, जुनी काढा, नवी घ्या.

मुनिसा : हो, लागले होते. मला आपल्या घरातलं एक उदाहरण हवं होतं. आज बुधवार ना?

होलमत : बुधवारच.

मुनिसा : बुधवारी एल्योर तिला डॉक्टरकडे नेतो. आठवा महिना लागलाय तिला. येताना ते गॅस भरतात. फोन लावते. वाजतोय, उचलत नाही.

होलमत : परत लाव. टाकी फुटते ती बहुतेक भरताना. दोनशे बारच्या दाबानं गॅस आत शिरतो.

मुनिसा : पण भरताना गाडीत कोणी नसतं. फाटकाबाहेरच सगळ्यांना उतरवतात.

होलमत : उतरवतात. पण आज तिकडे उणे बारा आहे. पोटुशी बाई दिसली की रखवालदाराला दया येते. असू दे, बसून राहा म्हणतो. मी बघितलंय.

मुनिसा : अजून उचलत नाही. त्या दिवशी तुमच्यापुढे रांगेत किती जण होते? शिक्क्याच्या?

होलमत : सतरा.

मुनिसा : त्यांच्या गाड्या कुठे आहेत आता?

होलमत : मला विचारू नको. फोन लाव.

(फोन उचलला जातो. मुनिसा तो स्पीकरवर टाकते.)

शोहिस्ता : काय गं मुनिसा-ओपा, तीन-तीनदा काय? फोन पिशवीत तळाला होता. डॉक्टरीण म्हणाली, सगळं छान आहे. बाळ सारखं लाथा मारतंय. एल्योर म्हणतो, फुटबॉल खेळणार. मी म्हटलं, आधी बाहेर तर येऊ दे.

मुनिसा : कुठे आहेस तू?

शोहिस्ता : गॅस पंपावर. तीन तास रांगेत काढले, आता कुठे नंबर लागला.

मुनिसा : गाडीत बसून बोलतेयस?

शोहिस्ता : अगं, रखवालदार भला माणूस निघाला. म्हणाला, तुम्ही नका उतरू, गारठाल.

होलमत : शोहिस्ता, उतर.

शोहिस्ता : बाबा? सलाम. तुम्ही पण आहात होय. अहो, बाहेर काय वारा आहे माहितीये का...

होलमत : दार उघड आणि उतर. एल्योर कुठे आहे?

शोहिस्ता : मागे, भरणाऱ्याशी गप्पा मारतोय. नळी लावलीय.

मुनिसा : गॅस सुरू झालाय?

शोहिस्ता : आवाज तर येतोय.

होलमत : उतर आणि फाटकाकडे चालायला लाग. एल्योरला हाक मार, पण मागे जाऊ नको. बंद करायला सांग.

शोहिस्ता : झालंय काय, बाबा?

होलमत : आधी चाल. उतरलीस का?

शोहिस्ता : उतरले. खाली बर्फ आहे, मला पळता येणार नाही. एल्योर, बंद करायला सांग. बाबा सांगतायत. हो, आपलेच बाबा. आधी बंद कर, मग विचार काय ते.

मुनिसा : किती भरला, विचार त्याला.

शोहिस्ता : काटा ऐंशी बारवर गेलाय म्हणतोय. थांब, तो भरणाऱ्याला...

मुनिसा : बंद झाला का? शोहिस्ता?

होलमत : शोहिस्ता, बोलत राहा.

मुनिसा : बाबा, तिचा आवाज का येत नाही?

होलमत : बोलत राहा, पोरी. काहीही बोल.

शोहिस्ता : आहे मी. धाप लागलीय. बंद केला त्यानं. मी फाटकाबाहेर बाकावर बसलेय. एल्योर इकडेच येतोय. मागचे भोंगे वाजवून आम्हाला शिव्या घालतायत.

मुनिसा : घालू देत. गाडी तिथेच सोडा. पंपवाल्यांना सांगा, टाकी खराब आहे, गॅस काढून घ्या. लोकांना लांब ठेवा म्हणावं. आणि तुम्ही बसनं घरी जा.

शोहिस्ता : टाकी खराब कशी असेल? कागद आहे ना आपल्याकडे. तूच दिलास.

होलमत : कागद खोटा आहे. मी केला होता.

शोहिस्ता : तुम्ही?

होलमत : टाकी गंजलेली होती. मी रंग मारला.

शोहिस्ता : आम्हाला गाडी दिलीत, तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?

होलमत : हो.

शोहिस्ता : सहा महिने बसतेय मी तिच्यात. एल्योरची आई बसते, त्याच्या बहिणीची मुलं बसतात. बाबा, तुम्हीही तीच चालवत होतात की. भीती नाही वाटली कधी?

होलमत : वाटायची. शेवटचं वर्षभर तुमच्या आईला मी बाजारात बसनंच पाठवत होतो.