मोठ्या हॉलच्या पेट्या

(बंगळूरमधलं बसवनगुडी, १९९६. त्रिविक्रम यांचं रेडिओ-टेपचं दुकान. कस्तुराबाई आणि त्यांचा मुलगा अभिराज स्पीकरच्या पेट्या घ्यायला आले आहेत.)

कस्तुराबाई : मोठ्याच घ्या म्हणता, त्यात तुम्हाला जास्त पैसे सुटत असतील, त्रिविक्रमण्णा.

त्रिविक्रम : सुटतात, अक्का. खोटं कशाला बोलू? पण तुमचा हॉल आता केवढा झालाय! फळीवरच्या ह्या लहान पेट्यांचा आवाज सोफ्यापर्यंत येईतो दमेल. ह्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या घ्या. मृदंग वाजला की छातीत कळतो.

अभिराज : लहानच बऱ्या, आई. जागा कमी लागते.

कस्तुराबाई : जागा? माझी खोली पाडून हॉल मोठा केला, तेव्हा जागेचं काही बोलला नाहीस. आता वाचवायला लागलास?

अभिराज : लहानांचा साउंड क्लिअर आहे गं.

त्रिविक्रम : पण अभिराज, मागच्या महिन्यात तूच ह्या मोठ्यांवर हात ठेवून गेलास. दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणालास.

कस्तुराबाई : हो? मग मधे काय झालं?

अभिराज : काही नाही, विचार बदलला. अण्णा, लहानांचं खोकं आहे ना? थर्माकोलसकट द्या.

कस्तुराबाई : खोकं कशाला? घर दोन गल्ल्या पलीकडं. हातात धरून नेऊ की.

अभिराज : असू दे. पुढंमागं लागतं.

कस्तुराबाई : पुढं लागतं की मागं, ते सांग. बरं, आणि वाजवायचं कशावर? अण्णा, नुसत्या पेट्या वाजतात होय?

त्रिविक्रम : कशा वाजतील? ॲम्प्लिफायर पाहिजे. पण हा म्हणाला, नको, आहे.

कस्तुराबाई : आहे? आपल्याकडं ह्याच्या अप्पांचा जुना रेडिओ तेवढा आहे. कुणाकडं आहे रे?

अभिराज : ऑफिसातल्या... एका मित्राकडं.

कस्तुराबाई : मित्राला नाव असेल की.

अभिराज : स्मिता.

त्रिविक्रम : अक्का, स्वल्प कॉफी मागवू?

कस्तुराबाई : कॉफी नको. आणि तुम्ही आत पळू नका, इथंच थांबा. अभी, कुठली मुलगी?

अभिराज : पुण्याची. आम्हाला लग्न करायचंय. पण आई, रोज बसमध्ये जीव जातो दोघांचा. इलेक्ट्रॉनिक सिटीत, ऑफिसजवळच, भाड्याच्या दोन खोल्या बघितल्यात.

कस्तुराबाई : दोन खोल्या. म्हणून लहान पेट्या.

अभिराज : सांगणारच होतो तुला.

कस्तुराबाई : कधी? खोकं बांधून झाल्यावर? लग्नाला मी नको म्हणाले असते का रे? सून येईल, चार माणसं बसतील, म्हणून भिंत पाडली. सामानाच्या खोलीत खाट टाकून झोपते मी. वाईट वाटतंय मला, फार वाईट वाटतंय.

अभिराज : आई, दर रविवारी येईन की.

कस्तुराबाई : गप बस. अण्णा, त्या पोरीच्या मशीनवर ह्या मोठ्या चालतील?

त्रिविक्रम : चालतील की. काही अडचण नाही.

कस्तुराबाई : सरी, ठीक आहे. मग मोठ्याच पाठवा घरी.

अभिराज : अगं, त्या दोन खोल्यांत मावणार नाहीत!

कस्तुराबाई : ते कळतंय मला. तिला सांग, ह्या रविवारी जेवायला ये, आणि येताना ते मशीन घेऊन ये. नुसत्या पेट्यांकडं बघत मी एकटी काय करू?