नळीखालचा चेहरा

बहीण : अजून मोठं कर.

भाऊ : ताई, याच्यापुढे मोठं केलं तर नुसते चौकोन दिसतील.

बहीण : दिसू देत. तोंडापाशी ने. नळी कुठून कुठपर्यंत काढलीस ते मला बघायचंय.

भाऊ : नाकातून गालावर आणि गालावरून कानामागे. चिकटपट्टी काढली, नाकाखालचा कापूस काढला. आता बघ, अख्खा फोटो दाखवतो. डोक्यापासून पायापर्यंत साधं झोपलेलं बाळ. तू म्हणाली होतीस ना, भिंतीवर लावायचाय, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी नळी दिसायला नको.

बहीण : म्हणाले होते.

भाऊ : महिनाभर बसलोय यावर. मी किड्यामुंग्यांचे फोटो काढणारा माणूस. फुलपाखराच्या पंखावरचे डाग पुसायची सवय. पण भाचीच्या तोंडावरून माऊस फिरवायचा म्हणजे हात चालत नाही गं.

बहीण : काढतानाही बरीच खटपट करावी लागली म्हणे.

भाऊ : फ्लॅश चालणार नव्हता. बाळाच्या पेटीच्या काचेत माझंच तोंड दिसत होतं, म्हणून काळं जॅकेट डोक्यावरून घेऊन कॅमेरा काचेला टेकवला. सिस्टर म्हणाल्या, आवरा लवकर, बाळाला वाटेल बागुलबुवा आला. तर ती पाय झाडत होती. एकदाच निवांत पडली, तेव्हाचा हा.

बहीण : गोड दिसतेय.

भाऊ : आवडला?

बहीण : गोड दिसतेय म्हटलं. हे ओठ कुणाचे?

भाऊ : कुणाचे म्हणजे?

बहीण : लहानपणी थाप मारताना कान खाजवायचास, अजून खाजवतोस. ओठ कुणाचे आहेत?

भाऊ : तुझे.

बहीण : माझे?

भाऊ : आईकडे तुझा फोटो आहे ना, दुपट्यात गुंडाळलेला. त्यातले. हिचा वरचा ओठ पट्टीखाली पार झाकला गेला होता. जे कॅमेऱ्यालाच दिसलं नाही ते मी कुठून आणू? सगळे म्हणत होते, आईवर गेलीय. वाटलं, मग तुझेच बसवावेत.

बहीण : आणि गाल?

भाऊ : उजवा गाल उलटा करून डावीकडे लावला. तो तिचाच आहे.

बहीण : म्हणजे थोडी ती, थोडी मी, आणि शिवण तुझी.

भाऊ : असं नको ना बोलूस.

बहीण : रागावले नाही रे. असेलही अशीच. मला काय माहीत? मी तिला एकदाच पाहिलं. चाकाच्या खुर्चीतून, काचेपलीकडे, नळीसकट. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेणार होते, तर माझंच बीपी चढलं. शुद्धीवर आले तोवर सगळं आटपलं होतं. तिचं तोंड कसं होतं हे कळायचा मला हा एवढाच रस्ता उरला होता.

भाऊ : मी परत बसतो यावर. ओठ थोडे बारीक करून बघतो.

बहीण : कशावरून बारीक?

भाऊ : नाही, म्हणजे, एवढं लहान बाळ—

बहीण : कशावरून, ते सांग ना.

(चहाचे कप घेऊन तिचा नवरा दारात उभा आहे. तो कधी आला, दोघांनाही कळलेलं नाही.)

नवरा : बारीकच होते.

बहीण : तुला काय माहीत?

नवरा : चहा घ्या आधी. निवतोय.

बहीण : ठेव तो तिकडे. तुला काय माहीत?

नवरा : शेवटी सगळं काढतात ना. नळ्या, वायरी. मग सिस्टरनी तिला माझ्या हातात दिली. म्हणाल्या, बसता का थोडा वेळ घेऊन? तर... बसलो.

बहीण : कुठे?

नवरा : खिडकीशी एक खुर्ची होती. प्लास्टिकची. तिच्यात.

बहीण : आणि हे तू मला आज सांगतोयस.

नवरा : तू शुद्धीवर आलीस आणि पहिलं विचारलंस, कुणी होतं का तिच्याजवळ? मी म्हटलं, हो, मी होतो. त्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस. पुढचं सांगायचं म्हणजे... म्हणजे, जे तुझ्या वाट्याला आलं नाही ते मला मिळालं, असं सांगायचं. जीभ रेटेना गं.

बहीण : मला वाटलं, तुला ते नकोच आहे आठवायला. तू घरी आल्यावर तिचे कपडेसुद्धा स्वतः उचलून माळ्यावर टाकलेस. म्हटलं, याला त्रास नको. म्हणून मीही तोंड शिवून बसले.

भाऊ : मी बाहेर थांबतो जरा.

बहीण : बस तू. माऊस तुझ्या हातात आहे. हं, सांग त्याला. कसे होते ओठ?

नवरा : बारीक. वरचा मधोमध जरासा उचललेला.

भाऊ : असा, भावजी?

नवरा : एवढा नाही. थोडा खाली घे. कडेला अजून बारीक. नाही. आता रुसल्यासारखी दिसतेय, ती रुसलेली नव्हती. मघाचं बरं होतं.

भाऊ : आता?

नवरा : आता तर दुसरंच कुणी दिसायला लागलं. माझ्या डोळ्यांसमोर आहे रे, पण बोटानं दाखवता येत नाही. आणि हा गाल असा गुळगुळीत नव्हता.

बहीण : मग कसा?

नवरा : पट्टीचा वळ उठला होता. लाल, इथून इथे. पट्टी निघाली तरी वळ तसाच. जाईल म्हणून मी अंगठ्यानं हळूहळू चोळत बसलो होतो.

बहीण : गेला?

नवरा : नाही.

बहीण : चहा दे इकडे.

नवरा : गार झाला असेल.

बहीण : असू दे. हे बघ, हे सगळं काढून टाक तू. नळी परत आण.

भाऊ : नक्की? पुन्हा विचार कर हवं तर, मला घाई नाही.

बहीण : हा गाल कुणाचाच नाही. नळीसकट जी होती ती तरी आमची होती. मूळचा फोटो ठेवलायस ना?

भाऊ : त्याला हातही लावलेला नाही. हा बघ.

बहीण : हं. ही ती.

नवरा : तीच. पण रंग नाही हा तिचा. लवंगी म्हणायच्या सिस्टर तिला. एवढीशी, लालबुंद, आणि सारखी नळी ओढायला टपलेली. इथे तर शेवाळ चढल्यासारखी दिसतेय.

भाऊ : तो वॉर्डातला उजेड, भावजी. भिंती हिरव्या, चादर हिरवी, वर ती ट्यूबलाइट. फोटोत खरोखरीची पांढरी वस्तू असली की कॉम्प्युटरला दाखवायची, हे पांढरं आहे, बाकीचं त्यावरून लाव. मग रंग जागेवर येतात. पण इथे पांढरं काही सापडेना, म्हणून मी रंग अंदाजानं लावले होते.

बहीण : नाकाखाली कापसाचा बोळा आहे की.

भाऊ : तो तर मी पहिल्याच दिवशी पुसला होता.

बहीण : आता दिसतोय ना? दाखव त्याला.

भाऊ : दाखवतो. हा इथे टेकवला, आणि... हां.

बहीण : अगंबाई.

भाऊ : यात मी माझं काही घातलेलं नाही, ताई. हे होतंच फोटोत.

बहीण : अशी होती ती? बोल ना. अशी होती?

नवरा : अशी. अगदी अशी. तो कान बघ. खिडकीतून ऊन आलं तेव्हा पाळी आरपार लाल दिसत होती. मी हात आडवा धरला, तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून.

बहीण : डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून.

नवरा : सवयीनं गं. धरला गेला.

बहीण : बरं केलंस.

भाऊ : काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा पडलाय, तेवढा काढू?

बहीण : तेवढा काढ. बाकी कशाला हात लावू नकोस. विचारलं कुणी तर विचारू दे, सांगू आम्ही.

भाऊ : आणि छापायचा केवढा? भिंतीवर म्हणजे मोठाच लागेल. निदान सोफ्यावरून नीट दिसेल एवढा.

बहीण : मोठा नको. ती होती तेवढाच.

भाऊ : ते फोटोवरून नाही कळणार गं. शेजारी मापाचं काही नाही.

नवरा : मोजपट्टी असेल ना तुझ्याकडे? घे. डोकं इथे होतं, कोपराच्या घडीत. आणि पाय... पाय इथे, मनगटाच्या थोडे अलीकडे. धर नीट. मी हात हलवत नाही.